शेवटच्या कडव्याआधी

थोरा लुंडगार्ड आमच्या चॅपलमध्ये ऑर्गन वाजवते त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. त्यातली सव्वीस वर्षं मी तिच्या शेजारी, एक पाऊल मागे उभी राहून लोकांना ताल धरून देते. गावातले वात्रट लोक म्हणतात, थोरा वाजवते आणि व्होंडा हवा ढवळते. म्हणोत बापडे. माझा हात थांबल्याशिवाय त्यांचं गाणं थांबत नाही, एवढं मला पुरे आहे.

आमचा ऑर्गन असा ठेवलाय की वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे होते. माझा हात दिसावा म्हणून वरच्या बाजूला हातभर लांबीचा आरसा बसवलाय. पण त्या आरशात माझ्या हाताबरोबर पहिल्या पाच रांगाही दिसतात. थोराने या गावाची तोंडं जितकी आरशात पाहिली आहेत तितकी समोरून पाहिलेली नाहीत. कोण जांभई देतं, कोणाचं नवऱ्याशी बिनसलंय, कोण कुठल्या ओळीला डोळे पुसतं, हे तिला पाठ आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही मॉर्मन लोक उपास करतो. दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणीसुद्धा नाही, आणि तसंच चॅपलमध्ये यायचं. त्या दिवशी प्रवचन नसतं. ज्याला आतून वाटेल तो उठतो, पुढे जातो आणि साक्ष देतो. साक्षीचे शब्द ठरलेले आहेत. ‘माझा विश्वास आहे’ असं कोणी म्हणत नाही. ‘मला माहीत आहे’ असं म्हणतात. चार वर्षांच्या पोरांनासुद्धा आया उचलून माइकपाशी धरतात आणि कानात सांगतात, म्हण, मला माहीत आहे आपला धर्म खरा आहे. पोर म्हणतं, सगळे हसतात, आजी डोळे पुसते.

आता माहीत कसं होतं? तर देवाला विचारायचं. मनापासून विचारलं की छातीत ऊब येते, पेटल्यासारखं होतं, गळा दाटतो. आमच्या घरांत त्याला नुसतं ‘आग’ म्हणतात. तुला आग आली का, असं पोरांना विचारतात. आली की प्रश्न मिटला.

आणि ही आग थोराच्या हातात होती. म्हणजे असं कोणी म्हणत नसे, पण आम्हा दोघींना ठाऊक होतं. तिसऱ्या कडव्याला ती पायाखालचे खर्जाचे सूर सोडून द्यायची, आवाज कमीजास्त करायचे खटके आत ढकलून तो पार बारीक करायची. लोकांना पोरकं वाटायला लागायचं. मग शेवटच्या कडव्याआधी मी हात वर अडकवून धरायची, एक श्वासभर, जरा जास्तच. आणि ती पट्टी अर्ध्या सुराने चढवून, खर्ज पूर्ण लावून आत शिरायची. की झालं. पहिल्या पाच रांगा पाघळल्याच. आम्ही आपसात याला ‘दार उघडणं’ म्हणायचो. “आज उघडायचं का गं?” “उघड, लोक फार झोपलेत.” यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. स्वयंपाकात मीठ घालतातच की.

गेल्या उन्हाळ्यात थोराच्या नातीचं, मॅरेनचं, मिशनचं पत्र आलं. मॅरेन एकोणीस वर्षांची. दीड वर्ष परदेशात जाऊन दारोदार धर्म सांगायचा. मुलींना सक्ती नाही, पण अर्ज केला, पत्र आलं, की मग घरचं कार्यच असतं ते. थोराची मुलगी जनील हिने सगळ्या गल्लीला बोलावलं. भिंतीवर जगाचा नकाशा, ज्याने त्याने अंदाजाने टाचण्या टोचलेल्या. मॅरेनने फोनवर पत्र वाचलं, पॅराग्वे, ऑक्टोबरच्या मध्यात निघायचं. जनील रडली, तिचा नवरा रडला, टर्कीच्या खुराड्यातून तसाच बूट घालून आलेला थोराचा नवरा डेल्मरही रडला. मॅरेन माझ्याजवळ येऊन म्हणाली, “व्होंडा मावशी, एक रुमाल दे. हातात धरायला.” तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते. मी रुमाल काढून दिला.

ऑगस्ट संपता संपता मी आणि थोरा तिच्या ओसरीवर पीच सोलत बसलो होतो. दरवर्षी आम्ही दोघी मिळून साठ बरण्या भरतो. मॅरेन आली, पायरीवर बसली आणि सुरी न घेताच बोलायला लागली.

“आजी, मी नऊ आठवडे रोज गुडघे टेकतेय. गुडघे दुखतात. बाकी काही होत नाही.”

“होईल गं. घाई नको.”

“तिकडे जाऊन मी लोकांना काय सांगू? ‘मला माहीत आहे’? लोकांच्या दारात उभं राहून खोटं बोलू?” ती बोटांची नखं खात होती. “मी ठरवलंय. येत्या उपासाच्या रविवारी शेवटचं विचारणार. आग आली तर जाईन. नाही आली तर बिशपना जाऊन सांगेन की नाही जात.”

ती गेल्यावर अर्ध्या तासात जनील आली. तिला सगळं कळलेलं होतं, या गावात भिंतींना कान नाहीत, तोंडं आहेत. ती आईच्या कानाशी वाकली, पण मला ऐकू यावं इतपत मोठ्याने म्हणाली, “आई, रविवारी ते वाजव ना. तुझं ते. तू वाजवलंस की दगडालाही येतं.”

जनील गेली. थोराने एक पीच सोलला, दुसरा सोलला, तिसरा हातातच राहिला. तिची डावी टाच फरशीवर आपटायला लागली. अस्वस्थ झाली की तिचे पाय चालतात, जन्मभर खर्ज वाजवल्याचा परिणाम.

“व्होंडा, हे मी करू का? पोरगी देवाला विचारतेय, आणि उत्तर मी देऊ?”

मला साठ बरण्यांची काळजी. वैतागून मी बोलून गेले, “इतकं काय त्यात? माझ्या आईने तुझ्यासाठी नव्हतं का वाजवलं?”

शब्द तोंडातून सुटला आणि मला कळलं काय झालं ते. चव्वेचाळीस वर्षं तोंडाला कुलूप होतं, आणि पिचाच्या रसात निसटलं.

हे सांगायलाच हवं. माझी आई ओटिली ही थोराच्या आधीची ऑर्गनवाली. थोरा तिचीच शिष्या. एकोणिसाव्या वर्षी थोराला बॉस्टनच्या संगीत महाविद्यालयात जागा मिळाली होती, शिष्यवृत्तीसकट. आमच्या खोऱ्यातून तसं कोणी गेलं नव्हतं. जाऊ की राहू, हे तिने देवाला विचारायचं ठरवलं. ‘राहू’ असं मनात धरून गुडघे टेकायची, म्हणजे राहणं बरोबर असेल तर आग येईल. उपासाच्या रविवारी माझ्या आईने ऑर्गन वाजवला, शेवटच्या कडव्याला थोरा हमसून हमसून रडली, आणि सोमवारी सकाळी तिने बॉस्टनला नकाराचं पत्र टाकलं. वर्षभरात डेल्मरशी लग्न, टर्क्या, पाच मुलं. ही गोष्ट तिने रविवारच्या वर्गात मुलींना कितीदा सांगितली असेल, मोजदाद नाही. तिच्या घराचा पायाच तो.

आणि त्याआधीच्या शुक्रवारी थोराची आई आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. मी भांडी पुसत होते. ती माझ्या आईला म्हणाली, “ओटिली, पोरगी गेली तर परत यायची नाही. तू रविवारी तेवढं वाजव.” माझ्या आईने आधी नाही म्हटलं. मग हो म्हटलं.

हे सगळं मी थोराला सांगितलं. आता अर्धं सांगून भागणार नव्हतं. तिने सुरी ठेवली, हात धुतले, आणि घरात निघून गेली. उरलेले पीच मी एकटीने सोलले.

तो आठवडा फार वाईट गेला. मला वाटलं ती माझं तोंड बघणार नाही. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचा फोन. “चॅपलमध्ये ये.” गेले. ती ऑर्गनवर बसलेली, वही उघडी. एकच भजन तिने आधी नुसतं सरळ वाजवलं, मग दार उघडून वाजवलं. “काय वाटलं?” मी म्हटलं, दुसऱ्यांदा भरून आलं. तिने वहीत लिहिलं. बुधवारी परत तेच. जेवून आल्यावर एकदा, उपाशीपोटी एकदा. डेल्मरला टर्क्या सोडून बोलावून आणलं आणि त्याच्यावरही करून पाहिलं. तो बिचारा म्हणाला, “मला तर तू काहीही वाजवलंस तरी रडू येतं.” तिने तेही लिहिलं.

शुक्रवारी तिने मला शेवटच्या बाकावर बसवलं. म्हणाली, नवीन भजन आहे, डोळे मिटून ऐक. फार संथ होतं. तिसऱ्या कडव्याला एकदम बारीक झालं आणि मला का कोण जाणे माझ्या आईचा वास आला, साबणाचा आणि पिठाचा. मग खर्ज आला आणि माझ्या छातीत असं पेटलं की मी बाकाची कड धरली. आई मेल्यावरसुद्धा मी इतकी रडले नव्हते.

“कुठलं भजन आहे गं हे?” मी नाक शिंकरत विचारलं.

थोराने ते झटपट वाजवून दाखवलं. ते रेडिओवरच्या गाद्यांच्या दुकानाच्या जाहिरातीचं गाणं होतं. दोन गाद्या घेतल्या तर उशी फुकट, ते.

मला असा राग आला की सांगता सोय नाही. “मला माकड करतेस? पासष्ट वर्षांची आहे मी.”

“माकड तुला नाही गं करत.” ती म्हणाली. “मला सांग, तुला आता जे झालं ते खोटं होतं का?”

“खोटं कसं? आई आली होती. इथे, माझ्या शेजारी.”

“गादीवर बसून?”

आई आली होती हे मी आजही सांगेन, आणि गाणं गाद्यांचं होतं हेही खरं आहे. या दोन्ही गोष्टी एका डोक्यात ठेवून मी त्या दिवशी घरी गेले आणि भाजी जाळली.

रविवार उजाडला. सप्टेंबरचा पहिला. मॅरेन तिसऱ्या रांगेत, आरशाच्या बरोबर मध्यभागी, ओठ सुकलेले, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. शेजारी जनील, तिची नजर ऑर्गनवरून हलत नव्हती. पहिलं भजन सुरू झालं. तिसरं कडवं आलं. खर्ज जागेवरच राहिला. शेवटच्या कडव्याआधी माझा हात सवयीने वर अडकला, पण थोरा थांबलीच नाही. सरळ पुढे गेली, टंकलेखन करावं तशी. मी हात तसाच वर घेऊन मागे राहिले, लोक गोंधळले, निम्मे माझ्याबरोबर आणि निम्मे तिच्याबरोबर गायले. एकाचेही डोळे ओले झाले नाहीत. जनीलचं तोंड लाल झालं.

प्रभुभोजनाचा पाव आणि पाणी वाटून झालं, साक्षी सुरू झाल्या. दोघातिघांचं झाल्यावर माझ्या शेजारचं बाक करकरलं. थोरा उठली होती. चव्वेचाळीस वर्षांत ती कधी साक्ष द्यायला उठली नव्हती, ऑर्गनवाल्यांना कोणी विचारतही नाही. ती माइकपाशी गेली, माइक खाली ओढला.

“मी थोरा. तुम्ही माझी पाठ ओळखता.”

लोक हसले. ती हसली नाही.

“शेवटच्या कडव्याआधी मी काय करते ते सांगते,” असं म्हणून तिने सांगितलं. खर्ज कुठे सोडते, खटके कधी ढकलते, पट्टी कशी चढवते. केकची कृती सांगावी इतकं सरळ. “ते केलं की तुम्ही रडता. गादीच्या गाण्यावरही रडता, मी करून पाहिलंय. तुम्हाला जे होतं ते देवाकडून येतं की माझ्या डाव्या पायाकडून, मला माहीत नाही. मला एकोणिसाव्या वर्षी आग आली होती. तिच्यावर मी अख्खं आयुष्य बांधलं. ती कोणी पाठवली होती, हेही मला आता माहीत नाही. देव आहे अशी मला फार आशा आहे. रोज आशा करते. पण माहीत आहे असं म्हणू शकत नाही. कोणी मला विचारून काही ठरवणार असेल, तर हे ऐकून ठरवावं. येशू ख्रिस्ताच्या नावाने, आमेन.”

आमेन म्हणायचं की नाही, कोणालाच कळेना. बहिऱ्या ऑरव्हल आजोबांनी एकट्यांनी ठणकावून म्हटलं. मग दुसऱ्या रांगेतून हुंदका आला. मग चौथ्या. बघता बघता अख्खं चॅपल रडायला लागलं, पुरुष चष्मे काढून डोळे पुसत होते, जनील तोंड झाकून गदगदत होती. इतकं रडलेलं मी त्या इमारतीत कधी पाहिलं नव्हतं. थोराच्या सगळ्या कसबाने जे झालं नाही ते तिच्या ‘माहीत नाही’ने झालं.

बिशप उठले. आमच्यात बिशप पगारी नसतो, गावातलाच कोणी असतो; हा तरुण माणूस आहे, ट्रॅक्टर दुरुस्त करतो, मनाचा साधा. डोळे पुसत म्हणाले, “सिस्टर लुंडगार्ड, तुमचे आभार. आज पवित्र आत्मा इथे किती जवळ होता, आपल्या सगळ्यांना जाणवलं.”

थोरा परत ऑर्गनवर येऊन बसली होती. आरशातून तिने माझ्याकडे पाहिलं. इतकी संतापलेली मी तिला कधी पाहिली नाही. “बघितलंस?” ती दातांतल्या दातांत म्हणाली. मी बघितलं होतं.

उपास सोडायला मी त्यांच्याकडेच गेले. आमच्यात रविवारी दुपारी घरचा पाव आणि रास्पबेरीचा जॅम ठरलेला. थोरा पाव कापत होती तेवढ्यात मॅरेन आत आली. तिचा चेहरा पेटलेला.

“आजी, आली. तू ‘माहीत नाही’ म्हणालीस ना, तेव्हा आली. इथे. अशी पेटली की मला श्वास घेता येईना.” तिने छातीवर मूठ दाबली. “पण म्हणजे काय? जा म्हणतोय की नको म्हणतोय? सांग ना.”

जनील भांडी ठेवत होती, ती जागच्या जागी थांबली. मी थोराकडे पाहिलं. आता एक शब्द, जा किंवा नको, आणि पोरीने तो ऐकला असता. थोराच्या आईनेही माझ्या आईपाशी असाच एक शब्द टाकला होता.

थोराने पावाचा जाड तुकडा कापला, वर जॅम थापला आणि तिच्या हातात दिला. “आधी खा.”

“आजी...”

“खा. उपाशीपोटी काही ठरवायचं नाही. सोमवारी तर मुळीच नाही. गुरुवारी ये.”

ते चार दिवस मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत काढले. जनीलने दोनदा फोन करून माझ्यावर तोंडसुख घेतलं. माझ्याच तोंडाने हे झालं होतं, त्यामुळे मी ऐकून घेतलं.

गुरुवारी दुपारी मी मुद्दाम बरण्यांची झाकणं द्यायचं निमित्त काढून गेले. मॅरेन आलेली होती, जनीलही होती. मॅरेन टेबलाशी बसली होती, शांत, जरा दमलेली.

“गेली आजी ती आग. मंगळवारपर्यंत होती थोडी. आता काहीच नाही.”

“मग? आता काय उरलंय?”

मॅरेनने आईकडे पाहिलं, मग परत आजीकडे. “मला जायचं नाहीये. कधीच जायचं नव्हतं. अर्ज भरतानाच माहीत होतं. मला वाटलं आग आली की जावंसं वाटायला लागेल. नाही म्हणायला धीर होत नव्हता, म्हणून विचारत होते.”

जनीलने खुर्ची ओढली आणि बसली. थोराची टाच फरशीवर आपटत होती, ती थांबली.

“माझं उलटं होतं,” थोरा म्हणाली. “मला जायचं होतं.”

“आई,” जनील हळूच म्हणाली.

“तू हवी होतीस गं मला. तुम्ही पाचही जण. पण तेव्हा तुम्ही नव्हता, आणि मला जायचं होतं. मलाही माहीत होतं.” तिने हात पुढे केला आणि जनीलने तो धरला.

संध्याकाळी मॅरेन बिशपना सांगायला गेली, आई तिच्याबरोबर गेली. गाव बोलायचं ते बोललं, अजून बोलतंय. आम्ही दोघी राहिलो. मला राहवेना. मी म्हटलं, “थोरा, आईने तसं वाजवायला नको होतं. तिच्या वतीने मी तुझी माफी मागते. आणि माझ्याही, इतकी वर्षं बोलले नाही म्हणून.”

तिने टेबलावर बोटं फिरवली, पट्ट्या असाव्यात तशी. मग म्हणाली, “पण काय वाजवलं होतं गं तिने. तसं मला अजून जमलेलं नाही.”

आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच थोरा रडली. घरात ऑर्गन नव्हता, आणि आम्ही दोघीही पोटभर जेवलेल्या होतो.